गोळीचं बारीक नाव

शालिकमामाच्या हातात कुठलीही बाटली, डबी किंवा पुडी दिली की तो ती आधी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचा. मग हात लांब करून, मान मागं घेऊन, उजेडाकडं तिरपी धरून फिरवत राहायचा. वरच्या मोठ्या, रंगीत अक्षरांवर त्याची नजर थांबायची नाही. तो शोधायचा ते खालचं बारीक नाव, कोपऱ्यात मुंगीच्या पायांसारखं छापलेलं. ते सापडलं की ओठ हलवत वाचायचा आणि मगच वस्तू खाली ठेवायचा. खोबरेल तेलाची बाटली त्यानं अशी वाचलेली मी पाहिली आहे. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा. पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेवढं वाचून तो म्हणाला, "बरं हाय. मालेगावचाच हाय." नवरीचं नाव त्यानं विचारलंच नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून शिरपूरकडं जाताना रस्त्याला लागून त्याचा भाजीचा मळा. वांगी, टमाटे, मिरची आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचे पाहुणे आले की हे आधी सांगावं लागतं, नाहीतर ते वाटी पुढं करून बसतात. मळा काही मोठा नव्हता, पण बाजारात मामाचं कॅरेट उघडून पाहायची कुणाला गरज वाटायची नाही. वरच्या थरात जसं वांगं, तसंच तळाला.

फवारणीचं औषध घ्यायला तो मालेगावच्या कृषी केंद्रात शिरला की दुकानदार हातातलं काम बाजूला ठेवायचा, कारण आता वेळ जाणार हे त्याला ठाऊक असायचं. तीन कंपन्यांच्या तीन बाटल्या समोर आल्या की मामा तिन्ही पुसून, तिन्ही वाचून म्हणायचा, "तिघी बहिनी हायेत. लुगडे बदलले फक्त. स्वस्ताची कोनती?"

"मामा, ही मोठ्या कंपनीची आहे."

"मोठं नाव मालकाचं रायते बाप्पा, बारीक नाव मालाचं. मी मालक मारू काय मिरचीवर?"

एकदा एका कंपनीचा माणूस गाडी घेऊन गावात आला. मंडप, चहा, शेतकऱ्यांना फुकट टोप्या. त्यानं नव्या औषधाचं इतकं कौतुक केलं की ऐकणाऱ्याला स्वतःवरच फवारून घ्यावंसं वाटावं. मामा मागून उठला. "सायेब, सगळं समजलं. आता याचं बारीक नाव सांगा." त्या माणसानं नाव सांगितलं. मामा म्हणाला, "हे त मी तीन वर्षांपासून मारून राह्यलो, दुसऱ्या टोपीखाली." आणि टोपी मात्र घेऊन घरी आला. पुढं कितीतरी वर्षं तो तीच टोपी घालून दुसऱ्या कंपनीचं औषध फवारत होता.

यातून कुणाला वाटेल की मामा फसायचा नाही. फसला होता, आणि चांगलाच. एका साली मोटरसायकलवर औषधं विकत फिरणाऱ्या एका माणसाकडून त्यानं बाटली घेतली. बारीक नाव अगदी बरोबर होतं. मामानं पुसून वाचलं होतं. बिल मागितलं नाही. मिरचीवर फवारलं आणि काहीच झालं नाही. ना किडे मेले, ना पान जळलं. आत नुसतं रंगाचं पाणी होतं. सगळी मिरची चुरडून गेली. तेव्हापासून मामाच्या मनात बारीक नावाबद्दल एक खडा राहिला. नाव खरं असून आतला माल खोटा असू शकतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर त्यानं एक नवा नियम केला. नवं बियाणं असो, नवं खत असो, आधी एका सरीत टाकून पाहायचं. बाजूच्या सरीत जुनं, या सरीत नवं. दोन्ही सऱ्या सारख्या उठल्या, तर मग मळाभर. "सरी पाहू दे," हे त्याचं पालुपद झालं. मामेबहिणीला स्थळ आलं तेव्हाही तो म्हणाला, "सरी पाहू दे." मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "पोरगा हाय थो, वांगं नोय!"

मामीचं नाव पंचफुला. बुटकी, काटक, बोलण्यात मामाला पुरून उरणारी. मळ्याच्या रस्त्याकडच्या तुकड्यातले सांबाराचे वाफे तिचे. तिथं मामालासुद्धा विचारून पाय ठेवावा लागे. जुड्या बांधताना ती हातावर हात असा फिरवायची की पाहणाऱ्याला वाटावं, वेणीच घालते आहे.

आता मी कोण, ते सांगून मोकळा होतो. वाशिमला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जिल्ह्यातले सातबारे, दाखले, खरेदीखतं माझ्या काचेवर पालथी पडतात, आणि मी त्यातला एकही कागद वाचत नाही. तरी घरात मी 'कागदातला माणूस' म्हणून ओळखला जातो. दवाखाना, कचेरी, काही निघालं की बोलावणं मला. याचं खरं कारण माझी हुशारी नसून माझी जुनी चारचाकी आहे, हे माझ्या बायकोनं चारचौघांत सांगितलेलं आहे.

शिवाय मी भाचा. आमच्या घराण्यात मामा भाच्याच्या पाया पडतो. पिकल्या मिशांचा शालिकमामा माझ्यासारख्या टकल्या माणसासमोर वाकायचा तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी पाय मागं घ्यायचो आणि तो म्हणायचा, "उभा राय सरका, हालू नोको. पुन्य मले लागते, तुले काय तरास?" भाच्याचा शब्द मामानं खाली पडू द्यायचा नाही, हेही त्याच रीतीतलं. तो अधिकार मी आयुष्यात एकदाच वापरायला गेलो.

मामीच्या छातीत गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परतही आले, आधीपेक्षा कुरळे. मामी त्यावर खूश होती. दोन-अडीच वर्षं बरी गेली. मग पाठ धरली. तपासणीत कळलं, आजार हाडात उतरला होता.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. हा आता मुळातून जाणार नाही, पण एक गोळी आहे, तिनं तो दबून राहील. रोज एक, तीन आठवडे घ्यायची, एक आठवडा थांबायचं, पुन्हा सुरू. जोवर गोळी लागू पडते आहे तोवर थांबवायची नाही.

मामानं डबी पुसली, वाचली. मोठं नाव एका परदेशी कंपनीचं. बारीक नाव असं की एखाद्या पाहुण्यानं शिंक अर्धवट सोडल्यासारखं वाटावं. मामानं ते तुकडे पाडून पाठ केलं आणि मालेगाव, वाशिम, अकोला सगळीकडं विचारत फिरला, "याच नावाची दुसरी हाय काय?" नव्हती. ती गोळी बनवायचा त्या कंपनीचा एकटीचा हक्क होता आणि त्याची मुदत संपायची होती. या नावाला बहीणच नव्हती.

गोळीच्या किमतीबद्दल एवढंच सांगतो की पहिल्या वर्षात मामीच्या पाटल्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षी रस्त्याकडचा तुकडा पाहायला गिऱ्हाइकं येऊ लागली. सांबाराचा तुकडा. मामी वाफ्यात बसलेली असताना माणसं बांधावर उभं राहून पावलांनी लांबी मोजायची.

आणि मग एका खेपेला डॉक्टर हसतमुखानं म्हणाले, "काका, तुम्ही विचारत होतात ना? आली. त्या कंपनीची मुदत संपली. आता आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी हीच गोळी काढली आहे. औषध तेच, किंमत अगदी थोडी." त्यांनी चिठ्ठीवर बारीक नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

मला वाटलं, मामा आता डॉक्टरांच्याही पाया पडतो. पण किंमत ऐकून त्याचा चेहरा उतरला.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो, मामा शेजारी, मामी मागं.

"भाव इतका पडते कसा?" पातूर मागं पडल्यावर मामा म्हणाला.

"डॉक्टरनं सांगतलं ना जी, हक्क संपला म्हनून," मागून मामी.

"हक्क संपला त भाव थोडासा उतरीन. असा जमिनीवर येते काय? टमाट्याचा भाव असा कवा पडते? माल सडाले लागला की."

"थोच माल हाय म्हनते ना डॉक्टर."

"थोच हाय कशावरून?"

"आता मलेच इचारा! जलमभर तुमी सांगत आले, तिघी बहिनी हायेत, लुगडे बदलले. आता बहिनी आल्या त तुमी दार लावून राह्यले."

मामा खिडकीकडं वळला. मग मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाला, "थे मिरचीसाठी होतं."

घरी आल्यावर मामीनं पदर खोचला आणि उभ्या उभ्या निकाल दिला. घरात महागाच्या गोळीची महिनाभराची डबी होती. "हे संपली की मी महागाची खानार नाई. अन् माहा तुकडा इकू देनार नाई."

"अन् मी तुले स्वस्ताची खाऊ देनार नाई," मामा म्हणाला. "उद्या काई झालं त लोक म्हनतीन, शालिकनं बायकोच्या जिवात काटकसर केली."

"तुकडा गेला त माह्या मागं तुमी काय खासान?"

"तुह्या मागं मले काय खाचं हाय?"

मी चपला शोधू लागलो. प्रश्न सरळ होता. ती डबी संपेपर्यंत दोघांपैकी एक हटला नाही, तर मामी बिनगोळीची राहणार होती.

मामीनं मला अंगणात गाठलं. "बाबू, तू सांग त्याईले. भाचा हायेस. तुहा शब्द ते मोडत नाई."

मी घसा साफ करून आत गेलो. मामाला म्हणालो की मामा, भाचा म्हणून मागतो, मामीला ती गोळी घेऊ दे. मामा उठला, वाकून माझ्या पाया पडला आणि परत खाटेवर बसला.

"भाचेबुवा, तुह्या दुकानात मूळ कागद अन् झेरॉक्स, दोन्ही सारखेच दिसते ना?"

"दिसतात."

"मंग तहसीलदार मूळ कागद दाखव म्हनते, थे काहून?"

एवढी वर्षं तो धंदा करूनही मी तसाच निघालो. उत्तर सुचलं ते घरी जाताना, वाशिमच्या वेशीवर. मी गाडी कडेला लावून फोन केला. "मामा, ती झेरॉक्स नाही रे. ती भाकर आहे. पीठ तेच, पाणी तेच, चूल फक्त दुसऱ्या घरची."

पलीकडून मामा म्हणाला, "भाकर हाय म्हनतं? बरं. पन थापली कोनं, थे त पाहा लागीन ना." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तुहा शब्द खाली नाई पडू देनार मी. फक्त सरी पाहू दे."

सरी पाहू दे म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, चार ठिकाणी चौकशी करील.

मालेगावच्या मेडिकलमध्ये ती नवी गोळी नव्हती. दुकानदार म्हणाला, "मामा, ती इकडं कोणी मागत नाही म्हणून मी ठेवत नाही." मामा म्हणाला, "तू ठेवत नाई म्हनून कोनी मागत नाई." तिथून तो भाजीच्या गाडीत बसून अकोल्याला गेला. पहाटे वांगी उतरवून झाल्यावर रिकाम्या कॅरेटांबरोबर परत येताना चिठ्ठीवरची गोळी घेऊन आला. यावेळी बिलासकट. मामीला त्यानं सांगितलं, चौकशी करून आलो.

दोनेक आठवड्यांनी मी वांगी न्यायला मळ्यात गेलो. थंडीचे दिवस होते. मामीनं जेवायला बसवलं. वांग्याची भाजी, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मामाच्या ताटात ठेचा नाही हे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मामी तसं करणाऱ्यांतली नव्हती.

"काहून जी, ठेचा नाई घेतला?"

"पोट बरोबर नाई."

"पोट बरोबर नाई त भाकर दुधात कायले कुस्करून राह्यले? तोंड उघडा."

"पाहुन्यासमोर काय तोंड उघडू?"

"भाचा हाय थो, पाहुना नाई. उघडा म्हनलं ना!"

तिनं मामाला दंडाला धरून दारातल्या उजेडात नेलं, हनुवटी धरून तोंड वर केलं. मामानं शाळेतल्या मुलासारखा आ केला. ओठांच्या आत, जिभेच्या कडेला पांढरे पांढरे फोड. मामीनं ते ओळखलं. गोळी सुरू झाली त्या पहिल्या महिन्यांत तिचं तोंड असंच आलं होतं. दिवसचे दिवस ती गार दुधावर होती.

"हे तुमचं तोंड नोय," ती हळू म्हणाली. "हे माह्यं तोंड हाय."

मामानं तोंड मिटलं.

"कवापासून खाऊन राह्यले?"

"अकोल्याहून आलो तवापासून."

"अन् चक्कर?"

"येते. तुले येत होती तशीच." आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की मी तो विसरू शकत नाही. "माल थोच हाय, पंचफुला! बोगस असता त काईच झालं नसतं. मिरचीवर मारलं तवा काई झालं होतं काय? हे लागून राह्यली. तुले जे झालं थेच मले झालं. तुही सरी अन् माही सरी सारखी उठली." बायकोला तिच्या नावानं हाक मारताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

मामी उंबऱ्यावर बसली. रडली नाही. हात पुसत राहिली, कोरडेच.

"लोकाईचे नवरे बायकोले लुगडं आनते," ती माझ्याकडं पाहून म्हणाली. "माह्या नवऱ्यानं माह्यं दुखनं आनलं, अन् सोताच नेसून बसला."

दुसऱ्या दिवशी मी दोघांना अकोल्याला नेलं. डॉक्टरांना आधी वाटलं, आम्ही मामीच्या तोंडाबद्दल सांगतोय. मग कळल्यावर ते खुर्चीतून उठलेच. मामाचं रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या होत्या.

"काका, साधा ताप आला असता तरी जिवावर बेतलं असतं. निरोगी माणसानं घ्यायचं औषध नाही हे. आणि तोंड आलं म्हणजे गोळी खरी, असं कुणी सांगितलं तुम्हाला? तोंड उन्हाळ्यातही येतं."

"हो जी," मामा खाली मान घालून म्हणाला.

मग डॉक्टर जरा निवळले. त्यांनी समजावून सांगितलं. असं औषध बाजारात येण्याआधी ते मूळ औषधाइतकंच अंगात उतरतं का, हे तपासलेलं असतं. आपण परवान्याच्या दुकानातून, बिल घेऊनच विकत घ्यायचं. आणि ते काकूंना लागू पडतंय की नाही, हे त्यांच्या रक्तावरून आणि स्कॅनवरून कळतं. "ती सरी मी पाहीन. तुम्ही नाही."

"हो जी."

बाहेर आल्यावर मामा गाडीत बसता बसता मला म्हणाला, "डॉक्टर म्हनते थे बरोबर हाय." मग शाल अंगाभोवती ओढून घेत, "पन सध्या उन्हाळा कुठी हाय?"

डॉक्टरांनी त्याला गर्दीत जायला आणि फवारायला मनाई केली होती. मामीनं त्याला खाटेवर बसवलं आणि स्वतः मळ्यात उतरली. मी मधे एकदा गेलो तर दोघं समोरासमोर बसून मऊ खिचडी खात होती. कोण आजारी आणि कोण राखण करतंय, हे परक्याला कळलं नसतं.

महागाची डबी संपली आणि मामीची नवी गोळी सुरू झाली. पहिल्या सकाळी मामानं गोळ्यांचा पत्ता दुपट्ट्यानं पुसला, हात लांब करून उजेडाकडं धरला, बारीक नाव मोठ्यानं वाचलं आणि मगच गोळी तिच्या तळहातावर ठेवली. मामेबहीण सांगते, त्यानंतर रोज सकाळी हे असंच होई. मामी म्हणायची, "झालं का वाचून? का आरती म्हनू?"

काही महिन्यांनी स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, जसं होतं तसंच आहे. या आजारात ही किती मोठी बातमी असते, ते ज्याच्या घरात तो आजार आहे त्यालाच कळतं. सांबाराचा तुकडा विकला गेला नाही. पावलांनी लांबी मोजणाऱ्या माणसाला मामीनं एक जुडी फुकट दिली आणि बांधावरून वाटेला लावलं.

गोळी अजूनही अकोल्याहूनच, रिकाम्या कॅरेटांबरोबर येत होती. एकदा रस्ता बंद राहिला आणि आठवड्याच्या थांब्यानंतर मामीला गोळी पुन्हा सुरू करायला उशीर झाला. मामा चिडला, पण मेडिकलवाल्याशी भांडला नाही. त्यानं निराळंच केलं. बाजारात त्याची भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, हातगाडीवाले, खानावळीवाला, सगळ्यांना त्यानं ते बारीक नाव पाठ करायला लावलं. "दिवसातून एक जनानं जायचं. हाय का म्हनून इचारायचं. नाई म्हनला त तोंड वाकडं करून परत याचं." सांबारवाली सुशीला ते नाव इतक्या झोकात म्हणायची की मेडिकलवाल्यानं तिला विचारलं, बाई, तुम्ही नर्स आहात काय? पंधरवड्यात गोळी मालेगावात आली. केनवडच्या एका माणसाला तीच लागत होती, शिरपूरच्या एका बाईला लागत होती. दोघं अकोल्याच्या खेपा घालत होते. मामाला हे कळलं तसं त्यानं स्वतः जाऊन दोघांना सांगितलं. आणि ताकीद दिली, "बिल घेजा. अन् घरच्याईनं खाऊन पाहू नोका. थे मी पाह्यली."

डॉक्टरांनी जेवढी आशा दाखवली होती, त्यापेक्षा मामी जास्त जगली. पण एक दिवस गोळीचा हात सुटला. स्कॅनमध्ये आजार पुन्हा हलला होता. मामा मला म्हणाला, "एकच औषध सारखं मारलं का कीड सरावते, बाबू. हे त मले ठाऊक होतं." पुढं दुसरी औषधं झाली, ती फार चालली नाहीत. शेवटच्या दिवसांत तिची खाट सांबाराच्या वाफ्यांजवळ, रस्त्याकडं तोंड करून टाकलेली असायची. मामी तिथूनच गेली.

तेरवी झाल्यावर मामा म्हणाला, मले एकदा अकोल्याले ने. डॉक्टरांसमोर तो बसला नाही, उभाच राहिला. "एकच इचारतो. खरं सांगजा. महागाचीच चालू ठेवली असती त?"

डॉक्टर म्हणाले, "काका, तरी हेच झालं असतं. औषध तेच होतं."

मामानं मान हलवली. जिना उतरताना भिंतीला हात लावत लावत उतरला. खाली आल्यावर स्वतःशीच म्हणाला, "बारीक नाव एकच होतं." त्याला ते खरंच पटलं होतं की तो मनाला पटवत होता, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर मागची सीट रिकामी होती आणि आरशात पाहायचं मी टाळत होतो.

त्यानंतर मामा वर्ष-सव्वा वर्ष होता. एका सकाळी मळ्यात पाणी सोडताना गेला, कुणाला हाकही न मारता. त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी थोडे दिवस, मालेगावच्या बाजाराच्या दिवशी.

मी कागदाची रिमं घ्यायला गेलो होतो. रस्त्यापलीकडं मेडिकलच्या काउंटरवर मामा दिसला. हाक मारणार होतो, पण तो काय करतोय ते कळेना म्हणून थांबलो. मला नंतर मेडिकलवाल्यानं सांगितलं की मामी गेल्यापासून एकही बाजाराचा दिवस त्यानं चुकवला नव्हता. दर खेपेला यायचा, विचारायचा, "हाय का थे गोळी?" दुकानदार पत्ता काढून द्यायचा. मामा वाचायचा, परत द्यायचा, जायचा. मागणारा असला म्हणजे दुकानदार ठेवणं बंद करणार नाही, एवढाच त्याचा हिशेब.

त्या दिवशीही त्यानं आधी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या, दुपट्ट्यानं बोटं पुसली आणि हात पुढं केला.

"हाय का थे गोळी?"

"संपली मामा. शेवटची डबी सकाळीच गेली."

मामाचा हात तसाच पुढं. "कोनं नेली?"

"शिरपूरची बाई आहे ना, तिनं. तिच्या आधी जऊळक्याकडचा एक माणूस घेऊन गेला. आता तिघं-चौघं झालेत."

मामा पुसलेला हात दुकानदाराच्या खांद्यावर ठेवत म्हणाला, "मंग आनखी मांगवून ठेवजो." आणि पिशव्या उचलून, वाचायला काही नसताना, रस्त्यातल्या उन्हाकडं डोळे बारीक करून पाहत भाजीबाजाराकडं निघून गेला.